शहर आलं की चाचांचा ट्रक बंद पडायचा

मी सुजाता. बोर्ली पंचतनची. म्हणजे जन्म इथल्याच बौद्धवाडीतला, लग्न करून तळा गावाला गेले, नि मिस्टरांची बदली इकडच्या शाळेवर झाली तशी परत बोर्लीत आले. बघा, सगळे मुंबईला जातात आणि मी फिरून फिरून आपल्याच मागच्या दारी. आता तुमी बोललात की आयुष्य सांगा, तर ताई, माझ्या आयुष्यात काय हाय, तारा हायत. बाबा लाइनमन व्हते. ते खांबावर चढायचे आणि शाळेला सुट्टी असली की मी खाली पक्कड नि टेप घेऊन उभी. आई करवादायची, पोरीला कशाला नेता उन्हातान्हात, तर बाबा बोलायचे, करंट काय बाईला वेगळा नि बाप्याला वेगळा बसतो? तेच माझं पहिलं शिक्षण. पुढे आयटीआय केलं, इलेक्ट्रॉनिक्सचं, वर्गात आमी दोघीच मुली, त्यातली दुसरी लग्न होऊन गेली ती गेलीच, तिनं परत स्क्रू ड्रायव्हर हातात धरला न्हाय.

दुकान टाकलं तेव्हा काय काय ऐकलं ते विचारू नका. माणूस दारात उभा राहायचा, आत माझ्याकडे बघायचा, मंग बोलायचा, कोण न्हाय वाटतं दुकानात? अरे, मी दिसत न्हाय काय तुला? न्हाय, दुरुस्ती करणारे कुठं गेलेत? मंग माझं डोकं फिरायचं. मी बोलायची, दुरुस्ती करणारे जेवायला बसलेत, ही मी त्यांचं भूत. मिस्टर बोलतात, अगो गिऱ्हाइकाशी जरा गोड बोल. मला न्हाय जमत. माझं तोंड फटकळ हाय, हात चांगला हाय, दोन्ही एकाच बाईत यायचं तर असंच येणार. आधी मिक्सर नि टीव्ही यायचे, मंग कॉम्प्युटर यायला लागले, नि आता तर खेळायचे कॉम्प्युटर, आत रंगीत दिवे, काचेची बाजू, पंखे एवढे की जेवायला वाढलं तर पापड उडेल.

आमच्याकडची हवा खारी, हे तुमाला सांगायला नको, तुमी अलिबागच्या. पण मशीन बघणाऱ्याला ती हवा वेगळी दिसते. खिळा ठोकला की पावसाळ्यानंतर त्याचा गंज भिंतीवर ओघळतो, बिजागऱ्या फुगतात, सायकलची चेन आखडते. मंग प्रत्येक घराची आपली काहीतरी युक्ती असते. कोण ग्रीस फासतो, कोण प्लास्टिक गुंडाळतो, कोण कॉम्प्युटरच्या डब्यात डांबराच्या गोळ्या टाकतो, व्हय, खरंच टाकतात, मी काढल्यात. एक मास्तर तर रोज कीबोर्डला धूप दाखवायचे. त्यांना हसायचं कशाला, हवा तर दिसत न्हाय, दिसत न्हाय त्याच्याशी माणूस आपल्या परीनं लढतो.

तर मी सांगणार व्हते अब्बास चाचांचं. अब्बास चाचा खाडीच्या अंगाच्या मोहल्ल्यातले. सगळी जवानी सौदीला ट्रेलर चालवला. दम्मामहून माल भरायचा नि वाळवंटातून कुठं कुठं न्यायचा. दोन-दोन वर्षांनी यायचे, आमी लहान असताना आले की वाडीतल्या पोरांना पण खजूर द्यायचे, आमची वाडी-त्यांचा मोहल्ला असलं त्यांनी कधी धरलं न्हाय. बाबांचा नि त्यांचा याराना व्हता. दोघं बंदराकडच्या कठड्यावर बसून कुठल्या रस्त्याला कसली चढण हाय त्याच्या गप्पा मारायचे, एक माणूस श्रीवर्धनच्या पलीकडे न गेलेला, दुसरा अरबस्तान पालथा घातलेला. गप्पिष्ट माणूस. हमीदा चाची बोलायची, ह्यांना घरात ठेवलं की कौलं पण कंटाळतात.

आणि त्याच माणसाची जीभ गेली. अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, पाय ओढत चालायचे, हात हळूहळू थोडा सुधारला, पण बोलणं गेलं. डॉक्टर बोलले, डोक्यातले शब्द गेलेले न्हायत, वाट बुजलीय, बोलत ठेवा, जेवढं वापरलं तेवढं टिकेल. पण बोलत ठेवायचं कसं? शब्द अडला की चाचांना लाज वाटायची, नि लाज वाटली की ते भिंतीकडे तोंड करायचे. मी भेटायला जायची, बाबा गेल्यावर तर जास्तच जायची, तर नुसतं बघायचे. मला सहन व्हायचं न्हाय, मी उगाच मोठ्यानं बडबडायची आणि बाहेर येऊन डोळे पुसायची.

त्यांचा मुलगा अन्वर, तो कतारला असतो. तो सुट्टीवर आला तेव्हा त्याचा खेळायचा कॉम्प्युटर घरात व्हता, माझ्याच दुकानात जोडलेला, चांगलं तगडं ग्राफिक कार्ड बसवलेलं. ग्राफिक कार्ड म्हणजे काय, तर पडद्यावरचं चित्र रंगवणारा भाग. चित्र जेवढं भारी तेवढी त्याला वीज जास्त लागते. तर ह्या अन्वरनं काय केलं, ट्रक चालवायचा एक खेळ टाकला, टेबलाला स्टेअरिंग बसवलं, पायाखाली ब्रेक नि एक्सलेटर, आणि अब्बांना खुर्चीवर आणून बसवलं. वाळवंटातला रस्ता लावला. चाचांनी स्टेअरिंगला हात लावला. डावा हात वर, उजवा नुसता ठेवलेला. गाडी निघाली. पुढे एक मोटारवाला आडवा घुसला नि चाचा बोलले, ए गधे! ताई, झटक्यानंतरचा पहिला सबंध शब्द. अन्वर रडायला लागला नि चाची तिकडून ओरडली, कोणाला शिव्या देता हो?

मंग काय, रोजचं झालं. सकाळी नाश्ता केला की चाचा ट्रकवर. शब्द यायला लागले. आधी शिव्या, मंग डावीकडे, उजवीकडे, डिझेल, मंग अख्खी वाक्यं. खेळात बोलले की घरात पण बोलायचे, चहा दे, मासळी ताजी हाय का, असं. डॉक्टर पण बोलले, हा कसला उपाय हो तुमचा, पण बंद करू नका. अन्वर परत कतारला गेला. जाताना अम्मीला सांगून गेला, उन्हाळ्यात सीपीयूची बाजूची काच काढून ठेव, आत गरम होतं, आणि खाऱ्या हवेपासून मशीनला जप, अब्बांचा जीव हाय त्याच्यात. चाचीनं ते मनावर घेतलं. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

पावसाळा सरत आला तेव्हा चाचीचा फोन. सुजाता, ह्यांचा ट्रक बंद पडतो गो. मी बोलले, कसा बंद पडतो? तर बोलली, रानातनं जातो चांगला, शहर आलं की पडदा काळा. मी गेले. बघते तर खरंच. मशीन चालू होतं, फोटो दिसतात, बातम्या दिसतात, सगळं ठीक. ट्रक सुरू केला, उजाड रस्त्यावर छान. शहर आलं, इमारती, गाड्या, वरून खेळातला पाऊस, नि फट्! पडदा काळा, पंखे घर्र करून ओरडले, सगळं बंद. आता ह्याचा अर्थ आमच्या धंद्यात सरळ असतो. हलक्या कामाला चालतं नि जड कामाला बसतं, म्हणजे कार्डाला भूक लागली तेव्हा कुठून तरी वीज पुरत न्हाय. कुठून, ते शोधायचं.

पहिल्यांदा मी घराची लाइन धरली. आमच्याकडे सुपारीच्या वाड्यांना पाणी सोडायच्या पाळ्या असतात, एकाच वेळी आजूबाजूचे पंप चालू झाले की दिवे मिणमिणतात. मी मीटर लावून बसले, पंप चालू असताना बघितलं, बंद असताना बघितलं, स्टॅबिलायझर लावून बघितला. ट्रक दोन्ही वेळेला मेला. मंग अर्थिंग तपासलं, बरं व्हतं, बाबांनीच घातलेलं. मंग एसएमपीएस धरला, म्हणजे घरातली वीज मशीनला पचेल अशी करून देणारा आतला डबा. बहुतेक वेळा पाप त्याचंच असतं, आणि लोक मात्र कार्डाच्या नावानं रडतात. दुकानातला मोठा, चांगला डबा नेला, त्याच्या स्वतःच्या तारा कार्डाला लावल्या, एक तार फाटे फोडून न्हाय, दोन वेगळ्या. कार्ड काढून परत बसवलं. हाताला चिकट लागलं, पण त्या घरात सगळंच चिकट, दाराची कडी चिकट, खुर्ची चिकट, मी आपला हात ओढणीला पुसला नि काम केलं. चालू केलं. शहर आलं. फट्.

अन्वर व्हिडिओवर. तिकडनं सांगतोय, ताई ही सेटिंग करा, ती सेटिंग करा, कार्डाचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर परत टाका, कार्डाची ताकद कमी करून बघा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, तसं, आणि तो खराच उंटांच्या देशात. पण बिचारा करतो काय, बाप इकडे नि तो तिकडे. सगळं केलं. चित्र हलकं केलं तर ट्रक थोडा पुढे जायचा आणि मंग मरायचा. शेवटी मी बोलले, डबा नवीन, तारा नवीन, लाइन चांगली, म्हणजे कार्ड गेलं. अन्वर बोलला, तसलं कार्ड आता इकडे पण मिळत न्हाय, मी सुट्टीला येईन तेव्हा बघतो. सुट्टी कधी? पुढच्या वर्षी. मी माझा डबा तिथंच ठेवून आले, दुसरं काही सुचलं तर बघू म्हणून.

चाचांनी सगळं ऐकलं व्हतं. ते काही बोलले न्हायत. आणि तेच वाईट, ताई, ते काही बोलले न्हायत. पुढच्या खेपेला गेले तर खुर्ची भिंतीकडे फिरवलेली. चाचीनं विचारलं चहा घेता का, तर नुसती मान. परवापरवापर्यंत ज्या माणसाशी मी बोंबील महाग झाले म्हणून वाद घातला, तो परत मान हलवायला लागला. चाची मला पडवीत घेऊन आली नि बोलली, सुजाता, पुढच्या वर्षापर्यंत ह्यांचे शब्द टिकतील का गो? माझ्या डोक्यात डॉक्टरचं तेच घुमत व्हतं, वापरलं तेवढं टिकेल. मला रात्री जेवण गेलं न्हाय. मिस्टर बोलले, तू काय डॉक्टर हायस? मी बोलले, डॉक्टर न्हाय म्हणूनच जास्त त्रास होतोय, डॉक्टरला निदान दुसरे पेशंट असतात.

मंग एका शुक्रवारी सकाळी मी माझा डबा आणायला गेले. दार उघडंच. चाची आंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन घरभर फिरत व्हती. एका हातात खोबरेलाची वाटी, दुसऱ्या हातात कोंबडीचं लांब पीस. कडीला पीस फिरवलं, बिजागरीला फिरवलं, शिलाई मशीनला, कुलपाला, अडकित्त्याला. दर जुम्म्याला नमाजाच्या आधी ती हे करते, लग्न होऊन आल्यापासून करते, घरातल्या सगळ्या लोखंडाला स्वतःच्या वाडीतल्या नारळाचं तेल. मोहल्ल्यातल्या जुन्या बायका सगळ्याच करायच्या, नवरे परदेशात, घर सांभाळायचं म्हणजे गंजाशी भांडायचं. मी बघत उभी राहिले, बरं वाटलं बघून. आणि बघता बघता चाची सीपीयूकडे गेली, आत हात घातला, कार्डाच्या तारेचं तोंड अंगठ्यानं दाबून बाहेर काढलं आणि पीस आत घातलं.

मी ओरडले. चाची, थांब! काय करतेस काय तू? तिच्या हातातनं पीस पडलं. तेल लावते गो, जुम्मा हाय ना. अगो, ह्याला? ह्याला कधीपासून लावतेस? तर बोलली, पावसाळ्यात ह्याच्या दातांवर हिरवं धरलं व्हतं, मी घाबरले, अन्वर जपायला सांगून गेलेला, मंग सगळ्याला लावते तसं ह्याला पण लावलं. तार कशी काढायची ते अन्वर साफ करायचा तेव्हा बघितलं व्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाली बसले, बॅटरी लावून आत बघितलं. कार्डाच्या दातांवर, म्हणजे तार बसते तिथल्या पिनांवर, तेल जमून त्यात धूळ बसलेली, डिंकासारखं घट्ट, दोन दात हिरवे, अन्वरच्या जुन्या तारेचं टोक तर तापून तपकिरी झालेलं. मी डबा बदलला, तारा बदलल्या, पण घाण कार्डाच्या तोंडात. माझ्या चांगल्या तारा पण त्याच घाणीत खुपसल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. आणि मी माझ्या फटकळ तोंडानं बोलून बसले, चाची, ह्या तेलानंच ट्रक बंद पडत व्हता!

तशी ती भिंतीला टेकून खालीच बसली. मटकन. बोलली, म्हणजे मी बंद पाडला? मी ह्यांची जबान बंद केली? या अल्ला, माझ्याच हातानं. आणि रडायला लागली, आवाज न करता, तोंडावर पदर दाबून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या बाईनं उभ्या जन्मात घरातली एक कडी गंजू दिली न्हाय तिला मी हे बोलले. चाचांनी खुर्ची फिरवली. त्यांनी सगळं ऐकलं व्हतं. खाली पडलेल्या पिसाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि ताई, ते हसले. अर्ध्या तोंडानं हसले, खांदे हलेपर्यंत. डावा हात पुढे केला, तिच्या डोक्यापर्यंत पोचत न्हवता तर तसाच हवेत धरून ठेवला, ती उठून त्याच्याखाली आली तोपर्यंत.

मी स्कूटर काढली नि दुकानातनं पार्ट धुवायचं स्पिरिट, जुना टूथब्रश नि नवी तार घेऊन आले. चाचीलाच बसवलं बाजूला, बोलले, धर ही बॅटरी, रडायचं नंतर. एकेक दात धुतला. कपडा काळा-हिरवा झाला. मधला एक दात जरा सैल वाटत व्हता, तो टाचणीनं सरळ केला, जीव मुठीत धरून, कारण तो तुटला असता तर खरंच कार्ड गेलं असतं. सुकू दिलं, पंख्याखाली चांगलं सुकू दिलं. मला घाई व्हती पण बाबा बोलायचे, ओल्या हाताची नि घाईच्या डोक्याची दुरुस्ती मसणात नेते. मंग तार बसवली, खट् आवाज येईपर्यंत.

चाचा ट्रकवर बसले. रस्ता लागला. उजाड माळ, चांगला चालला, पण ते तर आधी पण चालायचं. लांब शहराचे दिवे दिसले. चाचीनं माझं मनगट धरलं, अजून तेलकट हात. पहिली इमारत आली, गाड्या आल्या, वरून पाऊस लागला, कार्डाचे पंखे मोठ्यानं घुमायला लागले, मी म्हटलं आता फट् होणार, आता होणार. न्हाय झालं. सिग्नल आला. चाचांनी ब्रेक मारला. पुढची मोटार हलेना, तर चाचा हॉर्न वाजवत बोलले, यल्ला, यल्ला, चल रे बाबा. मी तिथंच खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं. आणि मंग ते मान न वळवता बोलले, हमीदा, बस. स्टूल ओढून बाजूला बस, बोलले.

ती आजवर कधी बसली न्हवती. पुरुषांचा खेळ म्हणून ती आत रांधत असायची. त्या दिवशी बसली. चाचा अडखळत अडखळत सांगायला लागले, असा रस्ता, असाच, रियाधकडे, इथे आमी चहा, इथे टायर, हा उतार वाईट. खेळातला रस्ता काही खरा तो न्हवता, पण ते सांगत राहिले नि ती ऐकत राहिली. मी माझा डबा उचलून मुकाट्यानं निघाले, चहा पण घेतला न्हाय.

आता दीड पावसाळा झाला त्याला. ट्रक चालू हाय. चाची सगळ्या घराला तेल लावते, मशीनचं मी बघते, महिन्यातनं एकदा जाऊन ब्रश मारून येते. चाचांचं बोलणं पूर्वीसारखं न्हाय झालं, होणार पण न्हाय, पण भांडण करण्याएवढं आलंय, तेवढं संसाराला पुरतं. चाची रोज त्यांच्या बाजूला स्टुलावर बसते, भाजी निवडत, कधी नुसतीच. परवा मी गंमतीनं विचारलं, चाची, तेच ते माळरान बघून कंटाळा न्हाय येत गो तुला? तर भाजीतनं हात न काढता बोलली, सुजाता, मी सगळी जवानी ह्या घरात बसून विचार करायची, आत्ता हा माणूस कुठं असेल, जेवला असेल का, गाडी चालवताना डोळा तर लागला नसेल. कोण सांगणार व्हतं मला? आता बाजूला बसून बघते. डोळा लागला तर हाक मारते.

त्यांचा रस्ता असाच लांब चालू दे, दोघांचा, एवढंच मी मनात बोलले. लिहिलंत ना हे, ताई?